कोर्टाचे हप्ते थकले आणि वसुलीवाला दारात आला

प्रश्न : ताई, मी चोपडा तालुक्यातला. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आणि दोन एकर कोरडवाहू कपाशी. दुकानासाठी एका फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं, ते थकलं, कंपनी कोर्टात गेली. तिथे तडजोड झाली : ३ लाख ६० हजार रुपये, दरमहा १५ हजारांचे २४ हप्ते. लागोपाठ दोन हप्ते चुकले तर सगळी बाकी एकदम, ९ टक्के व्याजाने. नऊ हप्ते वेळेवर भरले. मग आईचं ऑपरेशन निघालं, आणि कपाशीला भाव नाही म्हणून गावातली उधारीही अडकली. तीन हप्ते चुकले. आता कंपनीचा वसुलीचा माणूस येतो. बारा दिवसांपूर्वी त्याला २० हजार रोख दिले. पावती उद्या देतो म्हणाला, व्हॉट्सअॅपवर फक्त ‘वीस मिळाले’ एवढा मेसेज आला. आता तो ३ लाख १० हजार मागतो. वॉरंटचा फोटो पाठवलाय. पोलिस आणून अटक करवतो, दुकानाला कुलूप ठोकतो म्हणतो. स्टँडवरच्या टपरीवर चारचौघांत माझं नाव काढतो, रात्री साडेनऊला फोन करतो. थोरल्या बहिणीचे यजमान जामीनदार आहेत, जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. एक मित्र म्हणतो शेत बायकोच्या नावावर कर, दुसरा म्हणतो कोरे चेक दे आणि वेळ काढ. तडजोड मोडल्याचं बायकोला अजून सांगितलेलं नाही. आई सारखी विचारते, ‘आते काय व्हई?’ झोप नाही. जीव नकोसा झालाय.

उत्तर : भाऊ, पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी घेते, कारण बाकी सगळं त्यानंतरचं आहे. आज घरात बसून बायकोला सगळं सांगा. कागद समोर ठेवून सांगा. त्या वसुलीवाल्याचा अर्धा जोर तुमच्या घरात हे ठाऊक नाही यावरच चालला आहे. आणि रात्री डोक्यात नको ते विचार येत असतील तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुमचं देणं तुमच्या दुकानाच्या कमाईतून आवाक्यात येण्यासारखं आहे. हे धीर द्यायला म्हणत नाही, आकडे पाहून म्हणते, आणि ते आकडे खाली मांडलेही आहेत.

पण आकड्यांआधी ते २० हजार, कारण त्यांना मुदत लागलेली आहे.

तडजोडीवर कोर्टाचा हुकूमनामा, म्हणजे पक्का निकाल, झाला की त्या पैशाचा हिशेब कोर्टाच्या कागदावर चालतो. कोर्टाबाहेर दिलेली रक्कम कोर्टात नोंदवली गेली नाही, तर वसुली चालवणारं कोर्ट ती जमेला धरत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २ मध्ये हे स्वच्छ लिहिलं आहे. कितीतरी माणसं इथेच बुडतात. वर्षभर एजंटच्या हातात पाच-दहा हजार ठेवत राहतात आणि दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कोर्टात केलेल्या अर्जात, कंपनी पूर्ण रक्कम मांडते. पैसे दिल्याची नोंद कंपनीने स्वतः करून द्यायची असते. तिने केली नाही तर ऋणकोने म्हणजे तुम्ही अर्ज करायचा, आणि त्याला मुदत पैसे दिल्यापासून ३० दिवसांची. पत्र लिहिताना तुमचे बारा दिवस गेले होते, आता त्याहून जास्त गेले असतील. नुसतं तोंडी ‘रोख दिले’ चालत नाही. लेखी पुरावा लागतो किंवा कंपनीने कबूल करावं लागतं. तुमच्याकडे ‘वीस मिळाले’ हा मेसेज आहे. तो पुसला जाऊ देऊ नका, मोबाइल बदलू नका. मेसेजचा फोटो तारीख-वेळ आणि नंबर दिसेल असा काढा, त्याच दिवशी बँकेतून पैसे काढले असतील तर पासबुकाची नोंद घ्या आणि हे सगळं घेऊन वकिलाकडे जा. सोबत कंपनीच्या कार्यालयाला रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने पत्र टाका : अमुक तारखेला तुमच्या प्रतिनिधीला २० हजार दिले, पावती द्या आणि कोर्टात भरणा नोंदवा. पत्राची एक प्रत आणि पोस्टाची पोच जपून ठेवा.

यापुढे एक रुपयाही त्या माणसाच्या हातात नको. पैसे भरायला दोनच जागा : कोर्टात नाझरकडे (कोर्टातला पैसे जमा करून घेणारा कर्मचारी), नाहीतर कंपनीच्या खात्यात बँकेतून. कोर्टात भरलेत की कंपनीला तशी नोटीस रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने पाठवायची. ती पोचली की तेवढ्या रकमेवरचं व्याज थांबतं. बँकेतून भरलेत तर त्याची पुरशीस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टात दाखल करून घ्यायची. पाचशे रुपये का असेनात.

आता हिशेब. ३ लाख ६० हजारांतून नऊ हप्त्यांचे १ लाख ३५ हजार गेले, राहिले २ लाख २५ हजार. तुमचे २० हजार नोंदले गेले तर २ लाख ५ हजार. द.सा.द.शे. ९ टक्क्यांनी २ लाख २५ हजारांचं व्याज महिन्याला साधारण १,६९० रुपये होतं. चार महिने धरले तरी सात हजारांच्या आत. मग ३ लाख १० हजार आले कुठून? त्यात ‘व्हिजिट चार्ज’, ‘लीगल चार्ज’, दंडव्याज असं काहीबाही असणार. हुकूमनाम्यात जे लिहिलेलं नाही ते वसुलीवाल्याला आपल्या मनाने जोडता येत नाही. दरखास्तीचा खर्च कोर्ट मंजूर करील तेवढाच लागतो. तडजोडीच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि प्रत्येक कलम शब्द न् शब्द वाचा. व्याज कुठल्या तारखेपासून लागतं ते त्यातच असेल. मी मांडलेला आकडा तुमच्या पत्रावरून आहे, खरा आकडा त्या कागदावर.

नकलेला जाल तेव्हाच विचारा, कंपनीने दरखास्त दाखल केली आहे का? ई-कोर्ट्सच्या अॅपवर तुमचं नाव टाकूनही कळतं. हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण दरखास्त नसेल तर वॉरंट असूच शकत नाही. हप्ता चुकला म्हणून कोर्ट आपणहून कुणाला पाठवत नाही. कंपनीने दरखास्त लावायची, काय हवं ते मागायचं, कोर्टाने त्यावर हुकूम करायचा, मग बेलीफ, म्हणजे हुकूम बजावणारा कोर्टाचा कर्मचारी, निघतो. खऱ्या वॉरंटवर दरखास्तीचा नंबर असतो, सही आणि कोर्टाचा शिक्का असतो, आणि कुठल्या तारखेच्या आत बजावायचं ती तारीख असते. ते बेलीफ घेऊन येतो. कंपनीचा माणूस बेलीफसोबत माणूस-मालमत्ता दाखवायला येऊ शकतो, एकटा वॉरंट बजावू शकत नाही. मोबाइलवरच्या फोटोत यातलं काय आहे ते पाहा, आणि तो फोटोही पुरावा म्हणून ठेवा. कोर्टाच्या नावाने बनावट कागद केला असेल तर तो गंभीर गुन्हा आहे.

अटकेचं सांगते, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे. पैशाच्या हुकूमनाम्यात दिवाणी कैद होऊ शकते हे खरं. वरची मर्यादा तीन महिने. पण ती गरिबाला शिक्षा म्हणून नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५१ सांगतं की ऐपत असून मुद्दाम देत नाही, पळून जाण्याच्या बेतात आहे, किंवा अप्रामाणिकपणे मालमत्ता लपवली-फिरवली आहे, असं काही कोर्टाला पटलं आणि तशी कारणं नोंदवली गेली तरच कैद. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगून ठेवलं की निव्वळ देणं फेडता आलं नाही म्हणून माणसाला आत टाकता येणार नाही. त्याआधी साधारणपणे कारणे दाखवा नोटीस येते आणि तुम्हाला बोलायची संधी मिळते. त्या दिवशी आईच्या ऑपरेशनची बिलं, दुकानाची उधारीची वही, पासबुक आणि भरलेल्या नऊ हप्त्यांच्या पावत्या घेऊन उभं राहायचं. नऊ हप्ते वेळेवर भरलेला माणूस बुडवायला निघालेला नाही, हे त्या पावत्याच सांगतात. मात्र नोटीस आली आणि तुम्ही ती घेतली नाही, दार लावून बसलात, तारखेला गेला नाहीत, तर खरं वॉरंट निघेल. खूप जणांना अटक होते ती याच पायी. आणि तुमच्या पत्नीला या देण्यापायी अटक होऊच शकत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात कलम ५६ प्रमाणे बाईला अटक करता येत नाही.

जप्ती मात्र खरी गोष्ट आहे. तिला घाबरू नका, तिची तयारी करा.

दुकानात तीन तऱ्हेच्या वस्तू असतील. पहिली तुमची अवजारं : कॉइल गुंडाळायचं यंत्र, पाने, पकडी, इन्सुलेशन तपासायचा मेगर. कारागिराची अवजारं कलम ६० प्रमाणे जप्त होत नाहीत. मोठ्या किमतीच्या यंत्रावर वाद होऊ शकतो, तो कोर्टापुढे मांडायचा. दुसरी, विकायला किंवा वापरायला आणलेला माल : तांब्याच्या तारेची रिळं, बेअरिंग, नव्या मोटारी. हा जप्त होऊ शकतो. आणि तिसरी, जिच्याकडे तुमचं लक्षही गेलं नसेल : गिऱ्हाइकांच्या जळालेल्या मोटारी. चोपड्याकडे केळीवाल्यांच्या सबमर्सिबल दुकानात रांगेने उभ्या असतात. त्या तुमच्या नाहीत, म्हणून तुमच्या देण्यात त्या जाऊ नयेत. पण बेलीफला ते कसं कळणार? आजपासून प्रत्येक मोटारीला चिठ्ठी बांधा : मालकाचं नाव, गाव, हॉर्सपॉवर, आणल्याची तारीख. तीच नोंद वहीत, शेजारी त्याची सही. चुकून एखादी उचलली गेलीच तर तो मालक स्वतः कोर्टात हरकत घेऊ शकतो आणि त्याच्याकडे पुरावा असेल. दुसऱ्याची मोटार तुमच्यापायी गेली तर गावात तोंड दाखवता येणार नाही, ही भीती मला तुमच्या अटकेपेक्षा खरी वाटते.

घरातले अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही, मंगळसूत्रालाही नाही. राहतं घर आणि शेतीची अवजारं, बैल, बियाणं यांना शेतकऱ्यासाठी सूट आहे, पण तुमचं पोट मुख्यतः शेतीवर चालतं असं दाखवावं लागेल. तुमचं दुकान असल्यामुळे कंपनी त्यावर वाद घालणार, म्हणून वकिलाला दोन्ही उत्पन्नं खरी खरी सांगा. शेतजमीन जप्त होऊ शकते, पण त्याची रीत लांब आहे : जप्ती, जाहीरनामा, मग लिलाव. लिलाव झाल्यावरही ६० दिवसांच्या आत जाहीरनाम्यातली रक्कम आणि खरेदीदारासाठी खरेदीच्या ५ टक्के भरून तो रद्द करून घेता येतो. कपाशीवर जप्ती आणायची तर तिलाही कोर्टाचा हुकूम लागतो. टेम्पो लावून उचलून नेली तर ती चोरी. बेलीफसुद्धा सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी राहत्या घरात शिरू शकत नाही. दिवसा खरा बेलीफ खरा कागद घेऊन आला तर त्याला अडवू नका, हुज्जत घालू नका. कागद वाचा, पंचनाम्यावर काय लिहिलं ते पाहून सही करा, आणि तुमचं म्हणणं कोर्टात मांडा.

मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती तुमच्या दाजींची. हुकूमनामा त्यांच्यावरही असेल, आणि बहुतेक असतोच, तर कंपनी तुम्हाला सोडून आधी त्यांच्याकडे जाऊ शकते. ‘आधी मूळ कर्जदाराकडे जा’ असं जामीनदाराला म्हणता येत नाही. सरकारी पगार हा वसुलीचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात, बाकी एक तृतीयांश कपात होऊ शकते. म्हणजे कोर्टाने धरलेला पगार ४६ हजार असला तर दरमहा १५ हजार. एखाद्या दिवशी पगारपत्रकावर ती कपात दिसली आणि तोवर तुम्ही काहीच बोलला नसलात, तर बहिणीच्या घरात काय होईल ते तुम्ही जाणता. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जा. फोनवर नको. हुकूमनामा, हिशेब आणि पुढे काय करणार आहात ते सांगा, आणि वकिलाकडे दोघं मिळून जा.

मित्रांचे दोन्ही सल्ले विषासारखे आहेत. शेत आत्ता बायकोच्या नावावर केलंत तर ते बक्षीसपत्र कंपनी कोर्टात उलथवू शकते. वरून, कैदेसाठी जे कारण आज त्यांच्याकडे नाही तेच तुम्ही आपल्या हाताने द्याल : अप्रामाणिकपणे मालमत्ता फिरवली. कोऱ्या चेकचं तर नावच काढू नका. आज तुमचं देणं दिवाणी आहे. चेक दिलात, त्याने मनाला येईल तो आकडा भरला आणि तो बाउन्स झाला, की चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८ खाली फौजदारी खटला उभा राहतो, त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आधीच दिले असतील तर किती, कुठल्या नंबरचे, ते आजच लिहून कंपनीला कळवा. आणि तिसरा सल्ला कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगते : हे फेडायला महिना पाच-दहा टक्क्यांनी सावकाराकडून काढू नका. कोर्टाचं व्याज वर्षाला ९ टक्के आहे.

आता त्या माणसाच्या वागण्याबद्दल. रिझर्व्ह बँकेने नेमून दिलेल्या वेळेप्रमाणे वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत बदनामी, नातेवाइकांना छळणं, सगळं मना आहे. त्याच्याकडे कंपनीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र असलंच पाहिजे. पुढच्या वेळी आला की दोन्ही मागा, फोटो काढा. फोन रेकॉर्ड करा. एका वहीत तारीख, वेळ, नंबर आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. ‘त्रास दिला’ एवढं लिहून भागत नाही, ‘रात्री ९.३५, उद्या पोलिस आणतो’ असं लिहा. टपरीवर कोण कोण हजर होतं, त्यातला कोण सांगायला तयार आहे, तेही टिपून ठेवा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी कंपनीची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मारहाणीची किंवा घरात घुसण्याची धमकी दिली तर पोलिस ठाण्यात तक्रार द्या. देणं असणं हा गुन्हा नाही, धमकावणं मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे. पण तक्रार केली म्हणून देणं माफ होत नाही, हेही ध्यानात असू द्या. दोन्ही कामं सोबत चालू ठेवायची.

फेडीची नवी बोलणी तुम्हीच सुरू करा. हुकूमनाम्यानंतर हप्ते पुन्हा बांधून घ्यायला कंपनीची संमती लागते. ती मिळवण्याची चांगली जागा म्हणजे लोकअदालत. दरखास्तीतली प्रकरणंही तिथे तडजोडीला ठेवता येतात. चोपड्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती आहे, नियमात बसत असाल तर वकील फुकट मिळेल. १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते. जाताना नुसता ‘साहेब, सांभाळून घ्या’ नको, हातात काहीतरी असू द्या. एक हप्ता कोर्टात भरून मग बोलायला बसा, बोलणं वेगळं होतं.

आणि या वेळी हप्ते तुमच्या धंद्याच्या हिशेबाने मागा. पहिल्या तडजोडीत बारा महिने सारखे १५ हजार कबूल केलेत, चूक तिथे झाली. तुमच्या दुकानात पैसा येतो रब्बीचं पाणी सुरू झालं की, आणि उन्हाळाभर, व्होल्टेज पडून मोटारी जळतात तेव्हा. पावसाळ्यात दुकान थंड, शेतात खर्च. म्हणून डिसेंबर ते मे २० हजार आणि जून ते नोव्हेंबर ७ हजार, असं काहीतरी मांडा. वर्षाचे १ लाख ६२ हजार होतात, डिसेंबरपासून सुरू केलं तर बाकी सव्वा वर्षात आटोपते. एक हप्ता चुकला तर पंधरा दिवसांची सवलत लेखी घ्या, आणि मागचं व्याज सोडायला सांगा. लोकअदालतीत कंपन्या पुष्कळदा ऐकतात. पण झेपेल तेवढंच कबूल करा, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. उधारीही वहीत पडून ठेवू नका. कपाशी विकली गेली की त्याच आठवड्यात गिऱ्हाइकाच्या दारात जा, आणि पुढे निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय मोटार उघडू नका. ओळखीचा असला तरी.

शेवटचा हप्ता फिटला की लगेच कंपनीकडून बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा दाखला, घ्या, हुकूमनामा पुरा फिटल्याची नोंद कोर्टात करून घ्या, तिची सही-शिक्क्याची नक्कल काढा. मध्ये सातबाऱ्यावर जप्तीची नोंद चढली असेल तर ती नक्कल तलाठ्याकडे देऊन इतर हक्कांतून ती कमी करून घ्या. एक प्रत दाजींना द्या, त्यांच्या शाळेच्या कार्यालयात लागली तर त्यांच्याजवळ असावी.